तडकी अंडी घरी

४ ऑगस्ट, मंगळवार

दुकानातल्या अडगळीत ही कोरी वही सापडली. पुठ्ठ्यावर बलकाचा वाळलेला डाग आहे, तो माझ्याच हातचा असणार. दुकान पुतण्याच्या स्वाधीन करून चार महिने झाले. रोज सकाळी त्याचा फोन येतो, "काका, आज येताय का?" आणि आवाजात अशी धास्ती असते, की मी खरंच जाईन की काय! म्हणून जात नाही.

ही मुलीकडे गेली त्याला सात महिने होतील. मुलगी राहते ते गाव दिवसभराच्या गाडीवर. बाळंतपणाला म्हणून गेली. "तीन महिन्यांत येते," म्हणाली. मग बाळानं मान धरली की येते. त्यानं मान धरली. पालथं पडलं की येते. तेही पडलं. आता बसायला लागलं की येणार आहे. मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकं हाताळली आहेत, तारीख पुढे ढकलणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. पण ही काही गिऱ्हाईक नाही. नातवाचा लळा लागलाय, दुसरं काय.

घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही. आणि आज एक ठरवलं आहे ते कुठेतरी लिहायला हवं: मी कोंबड्या पाळणार.

ही लग्न होऊन आली तेव्हापासून कोंबड्या मागत होती. हिच्या माहेरी प्रत्येक मुलाची आपापली कोंबडी असायची. नुसतं अंडं बघून ही सांगायची म्हणे, कुणाच्या कोंबडीचं आहे ते. दर वर्षी एकदा विषय काढायची, आणि दर वर्षी मी तेच म्हणायचो, "अगं, गोदामात चाळीस हजार अंडी पडली आहेत, आणि तुला चार कोंबड्या कशाला?" चारचौघांत म्हणायचो. सगळे हसायचे. ही पण हसायची.

येईल तेव्हा मागच्या अंगणात कोंबड्या फिरताना दिसतील. तोंडातून शब्द फुटायचा नाही तिच्या.

९ ऑगस्ट, रविवार

सुताराला बोलावलं. त्यानं अंगण पाहिलं, मला पाहिलं.

"काका, खुराडं किती उंच करू? आत आडवी दांडी लागते ना झोपायला?"

"दांडी कशाला? पेंढा टाकू की खाली."

त्यानं पेन्सिल कानामागे अडकवली. "चाळीस वर्षं अंडी विकलीत, आणि कोंबडी कुठे झोपते ते माहीत नाही तुम्हाला?"

"मी अंडी विकली रे, कोंबड्या नाही. तू खुर्च्या करतोस, तुला झाड लावता येतं का?"

"येतं," तो म्हणाला. म्हटलं, घाल बाबा दांडी.

भिंतीपलीकडून सिस्टरबाई ऐकत होत्या. निवृत्त नर्स. हिची तीस वर्षांची मैत्रीण, आठवड्यातून दोनदा तरी दोघींचं फोनवर चालतं. भिंतीवरून डोकं काढून म्हणाल्या, "शेठ, हे काय नवीन?"

"हिला सांगू नका. गंमत आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या तापाचा आकडा वाचून पेशंटकडे बघत असतील. "मी कशाला सांगतेय," म्हणाल्या, आणि डोकं खाली गेलं.

१३ ऑगस्ट

चार तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हा शब्द मी काल शिकलो. एक काळी, दोन तांबड्या, एक ठिपक्यांची. ठिपक्यांची जरा तोऱ्यात असते. पेट्यांतून काढल्या तर चौघी एका कोपऱ्यात दाटीनं उभ्या राहिल्या, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मावशांसारख्या. मी खुर्ची टाकून तासभर बसलो. मला कळेना, यांच्याशी बोलायचं काय.

१६ ऑगस्ट, रविवार

रविवारी सकाळी दहाला फोन, हे ठरलेलं.

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

"गोळी?"

"घेतो. बाळ?"

"बसायला लागलंय. उशी लावावी लागते."

"मग?"

"मग काय? रांगायला लागलं की धावपळ आहे हो. पोरीला एकटीला नाही जमायचं."

इतक्यात फोनातून बारीक आवाज आला, कॉक्‌ कॉक्‌ कॉकाऽऽक. लोकांना ऐकू जायचा नाही, मला गेला. मला बाजारात 'कानवाले शेठ' उगाच म्हणत नाहीत. अंडं कानाशी धरून हलवलं की ते किती दिवसांचं आहे ते मी सांगतो. ताजं अंडं गप्प असतं. शिळं झालं की आतून बोलायला लागतं. याच जोरावर सायकलीच्या मागे दोन ट्रे बांधणारा माणूस दोन टेम्पोंचा मालक झाला.

तर तो आवाज. दचकलोच, म्हटलं फुटली गंमत, आपल्याच अंगणातला आवाज फोनातून फिरून परत येतोय. पटकन खिडकी लावून घेतली. हिनंही काहीतरी घाईनं "ठेवते" म्हणून ठेवला. बहुधा बाळ रडलं असेल.

३० ऑगस्ट

अंडं नाही. खाणं चालू आहे, उकरणं चालू आहे, माझ्या चपलेवर चोच मारणं चालू आहे. अंडं तेवढं नाही.

सिस्टरबाई भिंतीवरून म्हणाल्या, "शिंपले कुटून घाला दाण्यात. आणि अंडी घालायची जागा अंधारी हवी, पुढे पोत्याचा पडदा लावा. बायकांना आडोसा लागतो हो."

"तुम्हाला हो काय माहीत? तुमची सगळी हयात दवाखान्यात गेली."

"आता सांगतं कोणीतरी," त्या म्हणाल्या आणि उगाचच वाळत घातलेले टॉवेल पुन्हा झटकायला लागल्या.

७ सप्टेंबर, सोमवार

आलं!

सकाळी नऊला काळीनं एकदम आरडाओरडा मांडला. कॉक्‌ कॉक्‌ कॉकाऽऽक, कॉक्‌ कॉक्‌ कॉकाऽऽक. म्हटलं मांजर शिरलं. धावलो. मांजर नव्हतं. पोत्याच्या पडद्याआड एक अंडं होतं आणि काळी साऱ्या अंगणाला दवंडी देत हिंडत होती. म्हणजे अंडं घातलं की ही अशी ओरडते! चाळीस वर्षं धंद्यात घालवून मला आज कळतंय. तलंगा असं ओरडत नाहीत, हे सूर अंडं घातल्यावरचेच. हा आवाज मी अलीकडे कुठेतरी ऐकलाय असं सारखं वाटतंय. कुठे, ते आठवत नाही.

अंडं ऊन होतं. आजवर माझ्या हातून किती अंडी गेली ते देवाला ठाऊक, त्यातलं एकही ऊन नव्हतं. कानाशी धरलं, हलवलं. गप्प. इतकं गप्प अंडं मी ऐकलं नव्हतं.

१० सप्टेंबर

तांबडीनंही सुरू केलं. आज एक अंडं उकडलं, आणि शेजारी दुकानातलं एक. दुकानातल्याचं टरफल टोपी काढावी तसं निघालं. आमच्या अंगणातल्याचं निघेना. पापुद्र्याला चिकटून पांढऱ्याचे लचके निघाले, हातात उरलं ते चंद्रावरच्या दगडासारखं.

एक जुनी गिऱ्हाईकबाई आठवली. हॉटेल होतं तिचं. भांडायला आली होती, "शेठ, अंडी सोलत नाहीत." मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "बदलून देतो, माल खराब दिसतोय." अहो, माल खराब नव्हता. त्या दिवशी चुकून ताजा आला होता!

पण चव. बलक दुकानातल्यासारखा फिका नाही, भगवा. खाल्ल्यावर जिभेवर राहतो. मी खात असताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो आणि मला एक गोष्ट आठवली, जी मी कधी विसरलो नव्हतो पण कधी बघितलीही नव्हती. आमच्या घरी नेहमी तडकी अंडी यायची. ट्रे उतरवताना ज्यांना चीर जाई ती विकता येत नाहीत, ती संध्याकाळी रुमालात बांधून मी घरी आणायचो. माझा नियमच होता: धड ती दुकानात, तडकी घरी. यात गैर काय, सगळेच दुकानदार करतात. ही ती वाटीत फोडायची, वास घ्यायची, चिरीतून आत गेलेला कचरा चमच्यानं काढायची. एकदा हसून म्हणाली होती, "अंडेवाल्याची बायको मी, पण अख्खं अंडं उकडून खाल्लं ते माहेरीच."

मी पण हसलो होतो.

ठरलं. आता यापुढचं प्रत्येक अंडं हिच्यासाठी. मी दुकानातली खाईन.

२० सप्टेंबर, रविवार

पहिला ट्रे भरत आला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घालतो आणि कोठीच्या खालच्या फळीवर, गार जागी ठेवतो. काळीचं अंडं लांबट, तांबड्यांची गोल, ठिपकीचं लहान आणि गुलाबीसर. मलाही आता ओळखता येतात. हिला हे कधी सांगीन असं झालंय. फोनवर जिभेच्या टोकावर आलं होतं.

"कधी येतेस?" एवढंच विचारलं.

"बाळाचे दात येताहेत. किरकिर करतंय फार."

मग फोन मुलीनं घेतला. "बाबा, आईला सारखं विचारू नका ना. आई इथे बरी आहे."

"तब्येत ना? बरी असू दे."

"हो बाबा. तब्येत," म्हणाली.

३ ऑक्टोबर

सिस्टरबाई थेट दारात. "शेठ, रोज सकाळी चार कोंबड्या ओरडतात, मला एक अंडं नाही?"

"हिच्यासाठी ठेवलीत."

कोठीत डोकावून त्यांनी दोन भरलेले ट्रे आणि तिसरा अर्धा पाहिला. तारखा वाचल्या. नर्सबाईंचा चेहरा सहसा हलत नाही, तो हलला. "आणि ती कधी येणार आहे?"

"दात आले की."

"कुणाचे?" त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "अहो, तिला एकदा नीट विचारा तरी. येणार आहेस का असं. कधी येणार असं नाही."

बायकांचं बोलणं. दोन्हींत काय फरक आहे?

११ ऑक्टोबर, रविवार

राहवलं नाही. सांगून टाकलं.

"अगं, एक गंमत केलीय. मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्यात. चार. अंड्यावर आहेत."

मग आवाज आला, "आत्ता?"

"म्हणजे, ऑगस्टपासून."

"आत्ता पाळल्यात," ती पुन्हा म्हणाली. पण ते मला म्हणत नव्हती.

मग तिनं विचारलं, "खुराडं कुठे आहे?"

"मागच्या भिंतीशी."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं?"

"नाही गं. तिकडून भिंतीचा कोपरा आड येतो."

"मला खिडकीतून दिसणारं हवं होतं. भांडी घासता घासता." आणि फोन मुलीकडे दिला.

आनंदच झाला असणार. खिडकीतून दिसणारं हवं ना? हातचा मळ! सुताराला उद्याच बोलावतो.

१६ ऑक्टोबर

खुराडं उचलून खिडकीसमोर आणलं. सुतार, मी आणि सुताराचा भाऊ. कोंबड्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं. सुतार घाम पुसत म्हणाला, "काका, यांना विचारलं होतं का, जागा बदलू का म्हणून?"

"तू तुझं काम कर."

खिडकीतून छान दिसतं. मी तिथे उभं राहून एक कपबशी घासून पाहिली.

२५ ऑक्टोबर, रविवार

जागा बदलल्यापासून अंडं नाही. नऊ दिवस. चौघी नव्या जागी पाठ करून बसतात. सकाळी अंगण इतकं शांत असतं की माझ्या कानांना त्रास होतो.

आज फोनची वाट बघत कोठीत गेलो आणि सहज, सवयीनं, पहिलं अंडं उचललं. सात सप्टेंबर, काळीचं. कानाशी धरून हलवलं.

बोललं.

दुसरं उचललं. तेही. पहिल्या ट्रेमधलं एकेक अंडं उचलून कानाशी धरत गेलो, आणि प्रत्येक अंडं डचमळत होतं. दुकानातल्या मालासारखं. दुकानातला माल तरी इतका जुना नसतो. मी माझ्या हयातीत इतका जुना माल कुणाला विकला नाही, आणि तो मी हिच्यासाठी राखून ठेवला आहे.

खूप वेळ तिथेच पाटावर बसून होतो. मग उठून तिच्यासाठी तिकीट काढलं आणि मुलीला पाठवून दिलं. पुढच्या शनिवारचं. आता उशीर नको.

१ नोव्हेंबर, रविवार

आली नाही.

काल संध्याकाळी स्टेशनवर जायच्या बेतात होतो तेव्हा मुलीचा निरोप, "आई येत नाहीये, बाबा. उद्या बोलेल." आज बोलली.

"कुणाला विचारून तिकीट काढलंत?"

"विचारायचं काय त्यात? आपलं घर आहे."

"तुम्ही जन्मभर ठरवत आलात," ही म्हणाली. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. "कुठलं अंडं विकायचं, कुठलं घरी आणायचं. मी कधी काही म्हणाले? आता मी कुठल्या गाडीत बसायचं तेही तुम्हीच ठरवणार?"

"अगं, मी तुझ्यासाठी ठेवलीत सगळी. चार ट्रे. एकाला हात लावला नाही."

"किती दिवसांची झाली?"

धंद्यातल्या माणसाला खोटं बोलता येतं, पण या प्रश्नाला मी आजवर कुणाशी खोटं बोललो नाही. "पंचावन्न," म्हणालो.

हसली. म्हणजे हसल्यासारखा आवाज आला. "बघा," म्हणाली, आणि ठेवला.

८ नोव्हेंबर, रविवार

वाटलं नव्हतं, पण दहाला फोन आला. गोळी, जेवण, बाळाला दोन दात. मी "हो, हो" करत खिडकीशी उभा होतो. समोर चौघी मुक्यासारख्या बसलेल्या. आणि फोनातून आवाज आला.

कॉक्‌ कॉक्‌ कॉकाऽऽक. कॉक्‌ कॉक्‌ कॉकाऽऽक.

मी माझ्या कोंबड्यांकडे बघितलं. चौघींच्या चोची बंद.

हे अंडं घातल्यावरचं ओरडणं आहे. मी आता ते ओळखतो. ऑगस्टात ऐकलं तेव्हा ओळखत नव्हतो, आणि ऑगस्टात माझ्या तलंगा अंड्यावरही आल्या नव्हत्या.

तिकडे ती कोंबडी आपली ओरडतच होती. शेवटी ही हळूच म्हणाली, "ठेवू?" आणि मी म्हणालो, "ठेव."

सरळ भिंतीपाशी गेलो. "सिस्टरबाई."

त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हातातलं सुपलं खाली ठेवलं. "कळलं?"

"किती आहेत?"

"पाच. एप्रिलपासून. मुलीच्या घरामागे जागा आहे ना, तिथे. मला म्हणाली होती, सांगू नकोस. त्यांना कळेल आपोआप, कान तिखट आहेत त्यांचे."

९ नोव्हेंबर

एप्रिल. म्हणजे बाळ जेमतेम तीन महिन्यांचं. परतायचं ठरलं होतं तोच महिना. चार दिवसांसाठी राहिलेलं माणूस कोंबड्या पाळत नाही.

मान, पालथं, बसणं, रांगणं, दात. एवढं बोलत होतं सगळं, आणि मी कानाशी धरून हलवूनही पाहिलं नाही.

१२ नोव्हेंबर

बादलीत पाणी भरून चारही ट्रे तपासले. ताजं अंडं तळाशी आडवं बसतं, शिळं उभं राहतं, नासकं तरंगतं. हे मी हजार वेळा केलंय, दुसऱ्याच्या मालावर. पहिलं अंडं सोडलं, सात सप्टेंबरचं, बुचासारखं वर आलं. पेन्सिलीची तारीख पाण्यात माझ्याकडे तोंड करून तरंगत होती.

तरंगलेली सगळी झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरली. जरा बरी होती ती उकडून, कुस्करून कोंबड्यांना घातली. शेवटच्या ट्रेमधली वीसेक तळाला बसली, ती सिस्टरबाईंना दिली. त्या नको म्हणाल्या नाहीत. "तेव्हाच मागत होते मी," म्हणाल्या फक्त, आणि मग आत जाऊन चहा घेऊन आल्या. भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही तो प्यालो.

सुताराला निरोप धाडला. खुराडं परत मागच्या भिंतीशी नेलं. कोंबड्यांनाही खिडकी नको होती.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज फोन मी केला. दहा वाजायच्या आधी.

"किती आहेत?" विचारलं.

तिकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज. मग, "पाच."

"नावं आहेत?"

"आहेत." मग, "हसाल."

"नाही हसणार."

मग ती बोलायला लागली. एक आहे ती उंबऱ्यावरच अंडं घालते, हटून. एक खुडूक बसली होती, अंड्यांवरून उठेचना, तिला थंड पाण्यात उभं करावं लागलं, मग ताळ्यावर आली. एकीच्या अंड्यावर बारीक दाणे असतात, अंधारातसुद्धा हाताला ओळखू येतं. बाळ त्यांना बघून हात आपटतं. रोज सकाळी ती एक अंडं उकडते, अख्खं, आणि मागच्या पायरीवर बसून खाते. सोलताना सगळं वेडंवाकडं निघतं, त्याचं काही नाही.

चाळीस मिनिटं. आमच्या लग्नानंतर ती एका दमात इतका वेळ माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. किंवा बोलत असेल, मी ट्रे मोजत असेन. मी ऐकत राहिलो. तिच्या आवाजात मधे मधे एक उड्या मारणारी जागा येते, लग्नाच्या वेळी होती ती. मला वाटलं होतं ती वयानं गेली.

ती सगळं सांगत होती ते सुख तिचं होतं, आणि मी त्याच्या बाहेर, दिवसभराच्या गाडीवर, एका स्वच्छ स्वयंपाकघरात फोन कानाला दाबून उभा होतो. असं वाटत होतं की आत्ता या क्षणी त्या पायरीवर, जरा खालच्या पायरीवर का होईना, बसायला मिळावं.

शेवटी म्हणालो, "मी येऊ का?"

माझ्या तोंडून हे वाक्य आजवर कधी निघालं नव्हतं. "येतो" निघालं आहे. "येतोय, जेवण तयार ठेव" निघालं आहे.

"किती दिवसांसाठी?"

"तू म्हणशील तितके."

"विचार करते," म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगते."

१८ नोव्हेंबर

ठिपकीनं आज अंडं घातलं. जुन्या जागी गेल्यावर सहाव्या दिवशी. तारीख घातली नाही. ऊन होतं तोवरच उकडलं आणि खाल्लं, उभ्या उभ्या, लचके निघालेलं.

अजून चार दिवस. मी गिऱ्हाइकाला कधी इतकी वाट पाहू दिली नसती. हिनं मला अडतीस वर्षांत किती वेळा अशी वाट बघायला लावली असेल? एकदाही नाही. वाट बघायची ती हिनंच.

२२ नोव्हेंबर, रविवार

सात वाजल्यापासून फोनपाशी. दहाला वाजला.

"अहो."

"हं."

"या."

ती पुढे बोलत होती. "पण काही गोष्टी आहेत. इथे अंडी गोळा मी करते. तुम्ही मधे येऊन खुराडं असं करा, तसं करा म्हणायचं नाही. जागा बदलायची नाही."

"नाही."

"माझं परत यायचं काय ते मी ठरवीन. ठरलं की सांगीन. तोवर विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"आणि अंडी आणू नका."

"नाही गं."

मागे कोंबडीचा आवाज, बाळाचा आवाज, कुठेतरी बादलीत पाणी पडतंय. मी सगळं एकेक करून ऐकत होतो. ठेवणार असं वाटलं, तेवढ्यात म्हणाली, "आज सकाळी त्या उंबऱ्यावालीच्या अंड्यावर कुणाचा तरी पाय पडला. तडकलंय."

"अगं मग—"

"तुमच्यासाठी ठेवलंय."

आणि हसली. यावेळी खरंखुरं, ती उड्या मारणारी जागा घेऊन.

कोंबड्या सिस्टरबाईंच्या हवाली केल्या, अंड्यांसकट. "रोजची रोज खा," म्हणालो. त्या म्हणाल्या, "शेठ, मला शिकवताय?"

पिशवी भरून झाली आहे. तडकलेलं अंडं दोन दिवसांच्या वर टिकत नाही, हे धंद्यातलं आहे, मला पक्कं माहीत आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो.